पाठीत सळ्या असलेल्यांनी पाण्यावर जायचं नाही, हे कोणी ठरवलं?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब
आणि जलाशयावरच्या पर्यटनाचा कारभार पाहणाऱ्या समितीचे सर्व सदस्य

विषय : दिव्यांगांना होडी चालवण्यास घातलेली बंदी उठवणे व शिडाच्या होडीला परवानगी देणे

साहेब, नमस्कार.

नव्या जेट्टीच्या तोंडाशी निळा बोर्ड लागला आहे. त्यावरचा सहावा नियम असा : ‘दिव्यांग, मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या तसेच गंभीर आजार असलेल्या व्यक्तींना नौकाविहार करण्यास व नौका चालविण्यास सक्त मनाई आहे.’ आठवा असा : ‘ठेकेदाराच्या यांत्रिक नौका व परवानाधारक मासेमारांचे डोंगे वगळता अन्य कोणतीही नौका जलाशयात आढळल्यास जप्त करण्यात येईल.’ सहाव्या नियमात मी बसतो आणि आठव्यात माझी होडी. दोन ओळींत आमचा दोघांचाही निकाल लागला.

बोर्ड लावण्याआधी आम्हाला कोणी विचारलं नाही. लागल्यावर मी अर्ज केले, पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. मग माहितीच्या अधिकारात विचारलं, की हा नियम कोणत्या कायद्याच्या, कोणत्या डॉक्टरच्या मताच्या किंवा कोणत्या अपघाताच्या आधारावर केला? उत्तर आलं : ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.’ म्हणजे आधार सापडत नाही, पण नियम लागू आहे. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

मी धान पिकवणारा माणूस. आमच्या घरची निम्म्याहून जास्त शेती याच धरणाच्या पाण्याखाली गेली. उरली तिच्यात रोवणा करतो, म्हणजे आता करवून घेतो. काही वर्षांमागे चिखलणीच्या दिवसांत केजव्हील, म्हणजे चिखलात चालणारी लोखंडी चाकं, लावलेला ट्रॅक्टर धुऱ्यावरून उलटला आणि मी खाली सापडलो. कमरेचा पहिला मणका फुटला. नागपूरला ऑपरेशन झालं, वरचे आणि खालचे मणके धरून सळ्या आणि स्क्रू बसवले. उजव्या पायात थोडी ताकद परतली, कॅलिपर लावला की तो उभं राहू देतो. डावा नावापुरता. लघवी नळीनं, दर काही तासांनी, स्वतःच्या हातानं. असलं काही जाहीर पत्रात लिहायचं नसतं असं घरचे म्हणाले. पण तुमच्या बोर्डानं माझं शरीर चौकात आणलंच आहे, तर मग पुरतं माहीत असू द्या.

आमच्या भागात मणका मोडायला फार काही लागत नाही. माणसं मोहाच्या झाडावरून पडतात, विहिरीत पडतात, धानाचं पोतं पाठीवर घेऊन घसरतात, रात्री दुचाकी रस्त्यावर बसलेल्या गुरांवर आदळते. ऑपरेशनसाठी सरकारी योजना आहे, ती मला कामी आली, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती टाके काढल्यानंतरच्या दिवसांची. हातात व्यायामाच्या चित्रांचा झेरॉक्स कागद मिळाला आणि दर आठवड्याला फिजिओथेरपीला या म्हणून सांगितलं. नागपूरला जायचं म्हणजे गाडी करायची, उचलायला दोन माणसं न्यायची, त्यांची मजुरी बुडवायची. काही दिवस नेलं घरच्यांनी. मग हंगाम आला आणि ते थांबलं. हंगाम आला की आमच्याकडे सगळंच थांबतं, हे तुम्हाला नवं नसावं.

त्यानंतरचे महिने खाटेवर गेले. भेटायला येणारे लोक ‘आता कसं करता जी?’ एवढं विचारून बायकोकडे पाहायचे. पाठीला जखम झाली, ती भरायला पावसाळा गेला. कोणी वाईट वागलं नाही. सगळे माझ्यासाठी सगळं करायचे, आणि त्यातच माणूस संपत जातो. पाणी कधी प्यायचं, ऊन लागलं तर खाट कधी सरकवायची, टीव्हीवर काय लावायचं, हे दुसरं कोणीतरी ठरवायचं.

त्या दिवसांत मोबाइलवर अभिलाष टॉमी यांची हकीकत वाचली. साहेब, तुम्ही मोठ्या परीक्षा देऊन आलेले, तुम्हाला ती ठाऊक असेल. समितीतल्या इतरांसाठी सांगतो. टॉमी तेव्हा नौदलाचे अधिकारी. १ नोव्हेंबर २०१२ ला ‘म्हादेई’ ही शिडाची बोट घेऊन ते मुंबईहून एकटे निघाले, कुठंही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीला प्रदक्षिणा घालून ३१ मार्च २०१३ ला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. २०१८ मध्ये ते गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. त्या शर्यतीत एकट्यानं जग फिरायचं आणि तेही १९६८ साली जी साधनं होती तेवढ्यावरच. जीपीएस नाही, सूर्य-तारे पाहून आपण कुठं आहोत ते काढायचं. त्यांची ‘थुरिया’ गोव्यात बांधलेली. १९६८-६९ ची पहिली शर्यत जिंकणाऱ्या ‘सुहैली’ची ती प्रतिकृती, आणि मूळ ‘सुहैली’ बांधली गेली होती आपल्या मुंबईत. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात वादळानं थुरिया उलथवली, डोलकाठी मोडली आणि टॉमींची पाठही. उठता येत नाही, असा निरोप त्यांनी कसाबसा पाठवला. तीन दिवसांनी फ्रान्सच्या मासेमारी गस्तीच्या जहाजानं त्यांना बाहेर काढलं, आणि पुढे भारतात आणलं ते ‘आयएनएस सातपुडा’नं. आपल्या उत्तरेच्या डोंगराचं नाव असलेली युद्धनौका! ते वाचताना मला उगाच घरचं कोणीतरी मदतीला गेल्यासारखं वाटलं.

टॉमींच्या पाठीत टायटॅनियम बसलं, पाच मणके एकमेकांना जोडले गेले, चालणं नव्यानं शिकावं लागलं. ४ सप्टेंबर २०२२ ला ते त्याच शर्यतीसाठी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून पुन्हा निघाले आणि २३६ दिवस एकट्यानं समुद्रात काढून २९ एप्रिल २०२३ ला दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन न्यूशेफर, म्हणजे बाईमाणूस. त्या शर्यतीनं ‘कोणाला जमणार नाही’ याचे बरेच अंदाज एकदमच मोडीत काढले.

मी टॉमींची बरोबरी करायला निघालेलो नाही. ते नौदलाचे वैमानिक, आयुष्य समुद्रावर गेलेले. मी समुद्र एकदाच पाहिला, तोही मुंबईला लग्नाला गेलो तेव्हा. मुंबई आमच्यापासून आठशे किलोमीटरच्या पुढे. पण खाटेवर पडल्या पडल्या एक गोष्ट डोक्यात बसली. पाठीत धातू असलेला माणूस पाण्यावर एकटा राहू शकतो की नाही, याचं उत्तर मिळालेलं आहे. आता प्रश्न फक्त एवढाच, की ज्याच्याजवळ नौदल नाही त्यानं काय करायचं.

आमच्या गावात नौदलातून निवृत्त झालेले एक काकाजी आहेत. मासेमारी सोसायटीतले मित्रही आहेत. त्यांनी मिळून सोसायटीची एक जुनी फायबरची होडी काढली. दोन्ही बाजूंना बांबूच्या दांड्या बाहेर काढून त्यांना निळे प्लास्टिकचे ड्रम बांधले, म्हणजे होडी कलली तरी उलटायला मागत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून ती तळाशी घट्ट बसवली. बाजूला पाण्यात सोडायची प्लायवूडची फळी केली, नाहीतर वारा होडीला आडवीच ढकलत नेतो. सुकाणूचा दांडा खुर्चीपर्यंत लांबवला. डोलकाठी बांबूची. पहिलं शीड ताडपत्रीचं होतं, ते जड झालं. दुसरं निवडणुकीनंतर उतरवलेल्या फ्लेक्सचं. कोणत्या पक्षाच्या ते सांगत नाही, पण एक माननीय उमेदवार बरेच दिवस डोकं खाली करून आमच्या जलाशयावर फिरले. त्यांच्या पक्षाच्या लोकांनीही तो विनोद चांगल्या मनानं घेतला, हे नमूद करतो.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतो आहे त्यावर येतो. होडीनं मला पायांवर चालतं केलं नाही. चमत्कार झाला असं कोणी सांगत असेल तर ते खोटं. मज्जारज्जूची इजा पाण्यानं भरून येत नाही. पण कमरेवरचं धड धरून ठेवणं हे माझ्यासारख्याचं रोजचं काम असतं. खाटेवरून खुर्चीत जाणं, जेवताना न कलंडणं, एका हातानं वरचं काही घेताना दुसऱ्या बाजूला न पडणं, सगळं त्यावरच. फिजिओथेरपिस्ट मोठ्या रबरी चेंडूवर बसवून जे करवून घेते तेच काम पाण्यावर न थांबता होतं. होडी डावीकडे कलली की पोटाचे, पाठीचे स्नायू उजवीकडे खेचतात, आपण सांगायच्या आधीच. शिडाचा दोर हातात आला की बैलाचा कासरा धरल्यासारखं वाटतं : वारा ओढतो, आपण थोडं देतो, थोडं घेतो, आणि मर्जी सांभाळून त्याला आपल्या वाटेवर आणतो. एका हिवाळ्यानंतर मी आधार न घेता बसून जेवू लागलो. तपासणीला गेलो तेव्हा फिजिओथेरपिस्ट मॅडमनी विचारलं, कुठं जाता व्यायामाला? तलावावर म्हटलं. त्या हसल्या, आणि मग केसपेपरवर तसंच लिहून दिलं.

यात नवल काही नाही. मुरलीकांत पेटकर आपलेच, सांगली जिल्ह्यातले. लष्करात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं. उपचार म्हणून त्यांनी पोहणं धरलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्णपदक घेतलं. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण पाण्यातलं आहे. इंग्लंडच्या हिलरी लिस्टर यांना मानेखाली शरीर हलवता येत नव्हतं. नळीत फुंकून आणि ओढून त्या सुकाणू आणि शीड हलवायच्या. २००५ मध्ये त्यांनी एकटीनं इंग्लिश खाडी पार केली आणि २००९ मध्ये ब्रिटनला फेरी घातली. एवढ्या लांब जायचं नसेल तर नागपूरहून रेल्वेनं एका रात्रीच्या वाटेवर भोपाळ आहे. तिथल्या छोट्या तलावावर प्राची यादव यांनी पॅराकनूचा, म्हणजे दिव्यांगांच्या वल्ह्याच्या होडीच्या शर्यतीचा, सराव केला आणि त्या टोकियो पॅरालिम्पिकपर्यंत गेल्या. तलावच आहे तोही. आपल्या अमरावतीच्या कांचनमाला पांडे दिसत नसताना पोहल्या आणि २०१७ च्या जागतिक पॅरा स्पर्धेत सुवर्ण घेऊन आल्या. या सगळ्यांचे सत्कार होतात, कार्यालयांतून अभिनंदनाचे फलक लागतात. मग आमच्या पाण्यावर वेगळा न्याय काहून?

‘एकटाच कशाला जातोस, कोणाला तरी सोबत घे,’ हे मला फार जणांनी सांगितलं. तुमच्या कार्यालयातल्या एका साहेबांनीही सांगितलं, तेही काळजीपोटी. ठेकेदाराच्या मोटारबोटीत मागच्या बाकावर बसवून आम्ही फिरवू शकतो, असंही ते म्हणाले. फिरवलं जाणं मला घरी पुरेसं आहे, साहेब. ट्रॅक्टर उलटल्यापासून माझ्या आयुष्यातली प्रत्येक हालचाल कोणाच्या तरी सोयीनं होते. होडीत मात्र वारा समोरून आला तर डावीकडून तिरपं जायचं की उजवीकडून, वळण कधी घ्यायचं, शीड कधी गुंडाळायचं, हे मलाच ठरवावं लागतं आणि त्याची फळं लगेच मलाच मिळतात. किनाऱ्यावर परत आलो की मी पुन्हा खुर्चीतला माणूस होतो, पण घरी निर्णय विचारायला लागले आहेत. या वर्षी कोणतं धान लावायचं ते मी सांगितलं. घरात ते ऐकलं गेलं, हे मी होडीच्या खात्यात मांडतो.

एकटा म्हणजे बेवारस नव्हे, हेही सांगून ठेवतो. मी निघतो तेव्हा सोसायटीचा एक डोंगा नजरेच्या टप्प्यात जाळी टाकत असतो. लाइफ जॅकेट कॉलरवालं घालतो, बेशुद्ध पडलो तरी तोंड वर राहील असं. खुर्चीचा पट्टा एका झटक्यात सुटणारा आहे, कारण होडीला बांधलेला माणूस होडीबरोबरच बुडतो. बसायला जेलची उशी, कारण माझ्या पाठीची खरी वैरी लाट नाही, कडक फळी आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर जात नाही, वावटळ कधी येईल ते सांगता येत नाही. आभाळ भरलं की आधी मोबाइलवर ‘दामिनी’ उघडून वीज कुठं आहे ते पाहतो. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांची ठुंठं कुठं वर येतात ते मला पाठ आहे. माझ्या आजोबांचा आंबा त्यांतच आहे. यापैकी किती नियम ठेकेदाराच्या बोटीवर पाळले जातात, ते एखाद्या रविवारी न सांगता येऊन पाहा. जॅकेटं आहेत, पण बहुतेक खिळ्याला टांगलेली.

तेव्हा आमचं गाऱ्हाणं काय ते नीट मांडतो.

सहावा नियम माणूस पाहत नाही, कागद पाहतो. मणक्याचं ऑपरेशन झालेला एक धावू शकतो आणि दुसरा बोट हलवू शकत नाही, नियमाला दोघे सारखे. मद्य पिऊन आलेल्या धडधाकट माणसाबद्दल मात्र बोर्डावर एक शब्द नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्याचं तिसरं कलम सांगतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, आणि काही बंधन घालायचंच असेल तर योग्य हेतूसाठी तेवढंच बंधन गरजेचं होतं हे दाखवावं लागेल. दाखवायची जबाबदारी बंधन घालणाऱ्याची, माझी नाही. तुमच्या अभिलेखावर तर काहीच उपलब्ध नाही. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमात दिव्यांगांना मैदानी शिबिरं आणि साहसी उपक्रमांत भाग घेता यावा म्हणून सरकारनं सोय करावी असं लिहिलं आहे. ३० वं कलम खेळांच्या सोयी आमच्यासाठी बदलून घ्यायला सांगतं. कायदा म्हणतो सोय करा, बोर्ड म्हणतो जाऊ नका. दोन्ही सरकारचेच, मग ऐकायचं कोणाचं?

जेट्टीचं तर बोलायलाच नको. जनतेच्या पैशातून नवी बांधली आणि वरपासून खालपर्यंत पायऱ्याच पायऱ्या. आमच्यासारख्यांना राहू द्या, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बायाही वरूनच पाणी पाहून परत जातात. शिवाय जलाशयाचं पाणी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात कितीतरी मीटर वर-खाली होतं. पक्क्या पायऱ्यांची शेवटची पायरी उन्हाळ्यात चिखलात उभी असते. पाण्याबरोबर वर-खाली होणारा तरंगता धक्का आणि त्याला उतार, हे काही परदेशी शास्त्र नव्हे. त्याच कायद्यात, ४४ व्या कलमात, दिव्यांगांच्या सोयीचे निकष न पाळणाऱ्या बांधकामाच्या आराखड्याला परवानगीच देऊ नये असं आहे. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतूडी प्रकरणात हे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक करा, असं केंद्राला बजावलं. आमच्या जेट्टीचा आराखडा कोणी आणि काय पाहून मंजूर केला?

माझ्या एकट्याचा प्रश्न असता तर कदाचित गप्प बसलो असतो. पण थ्रेशरमध्ये हात गेलेला शेजारच्या गावचा पोरगा या होडीवर सुकाणू धरायला शिकत होता. एक बारावीची पोरगी, जन्मापासून पायांत ताकद नाही, ती तर दोर माझ्याहून चांगला धरते. काकाजी म्हणायचे, हिला वारा दिसतो. बोर्ड लागल्यावर तिच्या वडिलांनी तिला पाठवणं बंद केलं. सरकारनंच लिहिलं आहे म्हटल्यावर ते बरोबरच असेल, असं त्यांना वाटतं. तुमच्या सहाव्या नियमानं झालेलं सगळ्यात मोठं नुकसान मी हे मानतो. होडी जप्त झाली तर ती सोडवता येईल, बापाच्या मनात बसलेली भीती कोणत्या अर्जानं सोडवायची?

आणखी एक. हे पाणी आमच्या जमिनीवर उभं आहे. मोबदला मिळाला, तो हिशेब इथं काढत नाही. पण पर्यटन आलं तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की धरणानं नेलं ते आता पर्यटन देईल. देणं लांबच, आमच्याच शेतावर होडी न्यायला आम्हाला बंदी आणि बाहेरच्या ठेकेदाराला मोकळं रान. या भागात राज्यं बदलली, मालगुजारी गेली, तरी गावाचा पाण्यावरचा निस्तार, म्हणजे वापराचा जुना हक्क, कोणी असा एका बोर्डानं पुसला नव्हता.

‘उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?’ हा तुमचा प्रश्न मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. नोकरी तुमची अडकते. पण याच जलाशयात मासेमार रोज पहाटे काळोखात जॅकेटाशिवाय जातात, त्यांना परवाना आहे, कारण ते त्यांचं पोट आहे. माझं हे पोट नाही म्हणून त्याला किंमत नाही, असं धरू नका. जबाबदारी ठरवायची तर नियम करून ठरवा. मला पोहता येतं का ते पाहा. उलटलेल्या होडीतून पट्टा सोडून बाहेर येता येतं का, तेही किनाऱ्याजवळ करून घ्या. डॉक्टरचं पत्र मागा, होडी तपासा, वाऱ्याची मर्यादा घाला, जायची-यायची वेळ वहीत लिहून घ्या. नापास झालो तर मला थांबवा, मी बोलणार नाही. परीक्षा न घेता नापास करू नका.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सहावा नियम काढून त्याच्या जागी सगळ्यांना सारखा लागू होईल असा सुरक्षेचा नियम लिहा : जॅकेट, दारूबंदी, हवामान, आणि स्वतः होडी चालवायची असेल तर चाचणी. आठव्या नियमात शिडाच्या आणि वल्ह्याच्या बिनइंजिनाच्या होड्यांना तपासणी करून लेखी परवानगी द्यायची सोय करा, आणि आमची होडी पहिली तपासा. जेट्टीला उतार आणि तरंगता धक्का जोडा. तोवर सोसायटीच्या घाटावरून आम्हाला उतरू द्या, तिथं उतार आपोआपच आहे. जीवरक्षकांना गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत शिकायला पाठवा, आणि दिव्यांग माणसाला पाण्यातून कसं उचलायचं हे त्यांना मुद्दाम शिकवा. मणक्याला धक्का लागू न देता उचलणं वेगळं असतं. तालुक्याच्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. हे पर्यटनाचं काम नाही म्हणाल, पण जिल्हाधिकाऱ्यांचं आहे.

पैशाचं म्हणाल तर एक सुचवतो. दिव्यांगांना चालवता याव्यात अशा लहान शिडाच्या होड्या जगात तयार मिळतात. हान्सा नावाची त्यातली एक. बसायची जागा खोल, तळाची फळी वजनदार म्हणून सहज उलटत नाही, सुकाणूच्या लांब दांड्याऐवजी हातात छोटी काठी, आणि वारा वाढला की शीड डोलकाठीलाच गुंडाळून कमी करता येतं. पर्यटनाच्या तिकिटातून येणाऱ्या पैशात अशी एक होडी सार्वजनिक म्हणून घ्या. ग्रामपंचायतींच्या स्वनिधीतला पाच टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो, त्यातूनही हातभार लागेल. आमच्याकडे तो दरवर्षी एखाद्या कार्यक्रमात घड्याळं आणि चादरी वाटून संपतो. माझ्याकडे चादरी आता पुरेशा आहेत. आणि होडी येईस्तोवर आमची बांबू-फ्लेक्सवाली चालेल, तिला हिणवू नका.

कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयात दिव्यांगांच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमलेला असावा लागतो. आमच्या प्रश्नासाठी तो कोण, त्याचं नाव त्याच बोर्डावर लिहा. इथं उत्तर मिळालं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागायची तयारी आहे. पण ती वेळ तुम्ही येऊ देऊ नये असं मनापासून वाटतं, कारण भांडण पुण्याला आयुक्तांपर्यंत नेण्यापेक्षा इथंच मिटलेलं बरं, ते पाणी इथं दोन किलोमीटरवर आहे.

दिवस सांगून ठेवतो. हलकं धान दिवाळीपर्यंत निघतं आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे हवा शिडाला सगळ्यात चांगली असते, सकाळी उत्तरेकडून मंद वारा. निर्णय त्याआधी व्हावा. समितीची पुढची बैठक कधी आहे ते मला आणि त्या बारावीतल्या मुलीच्या घरी लेखी कळवावं, आम्हाला तिथं बोलायचं आहे. मागच्या बैठका दुसऱ्या मजल्यावर झाल्या आणि त्या इमारतीत लिफ्ट नाही. ही बैठक तळमजल्यावर घ्यावी, नाहीतर सोसायटीच्या घाटावर घ्यावी, खुर्च्या आम्ही लावतो. मला जिन्यानं उचलून वर नेण्यासाठी दोन शिपाई ठेवू नयेत, ही विनंती.

आपला,
जलाशयाकाठचा एक धान उत्पादक शेतकरी
(नाव व पत्ता आधीच्या अर्जांवर आहे)

प्रत : मासेमारी सहकारी सोसायटी, जलाशयाकाठच्या सर्व ग्रामपंचायती, तालुक्यातले पत्रकार बंधू-भगिनी